पेटी आणि झाकणाच्या मधलं काम

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून बाज ताणली. सुतळीची बाज वापरून वापरून मधे झोळीसारखी होते, मग पायथ्याची दोरी ओढून ती कसावी लागते. एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं ओढलेलं धरून ठेवायचं. मी पाय लावून ओढत होतो आणि कौतिका, माझी बायको, दोरी बोटांत धरून समोर बसली होती. मधेच माझा हात सुटला तर म्हणाली, "अजी, जोर तोंडातच राह्यला का आता?" मी म्हटलं, तोंडातलाही चालला. ती हसली. बाज कसली गेली तशी तिनं वरून थाप मारून पाहिली आणि बाज निंबाच्या सावलीत सरकवली.

भाकरी टाकून झाल्यावर तिला छाती भरल्यासारखं झालं. बाजेवर आडवी झाली, मला पाणी मागितलं. मी आत जाऊन तांब्या भरून आणला, तेवढ्यात ती गेलेली होती. दवाखाना जवळच होता, पण जवळ असून काही उपयोग नव्हता. दिवस मावळायच्या आत तिला स्मशानात नेलं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मला फिरवून फिरवून लिहिता येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. हा अंक काढणारी मंडळी माझ्याकडे आली तेव्हा ती होती. धंद्यातले अनुभव लिहा म्हणाले. मी म्हटलं, रबर कापलं आणि चिकटवलं, त्यात अनुभव कसला? ती चुलीपाशून म्हणाली, "लिवा ना. इतके दिवस लोकायच्या पेट्या बंद केल्या, आता आपलं तोंड उघडा." म्हणून लिहितो आहे.

आमच्या धंद्याला धड नाव नाही. इंजिनेर लोक गॅस्केट म्हणतात, मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. काम एवढंच. लोखंडाची पेटी असते, तिला झाकण असतं, आत विजेचं सामान असतं. झाकण कितीही घट्ट लावा, लोखंडाला लोखंड पुरतं टेकत नाही. डोळ्याला दिसत नाही अशी फट राहते. तिच्यातून धूळ जाते, पाणी जातं, मुंगी जाते. ती फट भरायला मधे मऊ पट्टी लागते. ती आम्ही खामगावात घरी कापून द्यायचो. प्रत्येक पेटीचं तोंड वेगळं, म्हणून प्रत्येक पट्टी वेगळी.

मी मुळात सायकलच्या पंक्चरवाला. महाराष्ट्र नवा नवा झाला त्या सुमाराला आमच्या भागातल्या जिनिंगमधली तेलाची इंजिनं जाऊन विजेच्या मोटरी बसायला लागल्या. जिनिंगमधे कापसातून सरकी निघते आणि रुईचं तूस हवेत उडत राहतं. नाकात जातं, कानात जातं, तसंच मोटर चालू करायच्या पेटीतही जातं. आत ठिणगी उडते आणि तूस पेट घेतं. एकदा एक मिस्त्री माझ्याकडे जुन्या ट्यूबचा तुकडा मागायला आला, झाकणाखाली घालायचा म्हणाला. मी त्याला कापून दिला. त्याचा दुसरा भाऊबंद आला. पुढं अकोल्याहून स्पंज रबराच्या शीटा आणायला लागलो आणि पंक्चरचं काम आपोआप मागं पडलं.

लोकांना वाटतं, मऊ दिसलं म्हणजे चाललं. तसं नाही. स्पंज दोन जातीचा. एकातली भोकं एकमेकांत उघडतात, गादीतल्यासारखी. तो पाणी पितो. दुसऱ्यातली भोकं ज्वारीच्या दाण्यासारखी सुटी सुटी, बंद. तो पाणी पीत नाही. आमच्या घरी नवी शीट आली की कौतिका आधी एक तुकडा कापून पाण्यात बुडवायची आणि पिळायची. पाणी निघालं तर म्हणायची, हा भांडे घासाचा होय, वापस करा.

मग जाडी. झाकण कसल्यावर पट्टी साधारण चौथा हिस्सा दबली पाहिजे. त्याहून कमी दबली तर फट राहते. फार दबली तर रबर मरतं, पुन्हा वर येत नाही. आणि जाड घातली तर आणखी मजा: बोल्टापाशी झाकण घट्ट बसतं आणि दोन बोल्टांच्या मधे पत्रा वाकून तोंड उघडतो. नवा मिस्त्री अशा वेळी बोल्ट आणखी कसतो, आणि तोंड आणखी उघडतं. किती मिस्त्र्यांना हे सांगितलं असेल.

पट्टीच्या दोन टोकांचा सांधा कोपऱ्यात द्यायचा नाही आणि वरच्या बाजूला तर कधीच नाही. पाणी वर थांबतं, म्हणून सांधा खाली. सोल्युशन एकाच बाजूला लावायचं, झाकणाच्या. दोन्हीकडे लावलं तर पुढच्या वेळी पेटी उघडणार कशी? आणि शेवटी तपास. वर्तमानपत्राची पट्टी झाकणात धरून बोल्ट कसायचे आणि ती ओढून पाहायची. सहज निघाली तर तिथं फट आहे. फाटली तर काम झालं. आमच्या घरात वर्तमानपत्र यायचं ते वाचायला कमी आणि फाडायला जास्त.

कापायचं काम एकट्याचं नाही. स्पंज सुरीखाली सरकतो, दबतो, आणि वरून सरळ दिसणारी कड खालून तिरपी निघते. म्हणून एकानं फळी ठेवून दोन्ही तळहातांनी दाबायचं आणि दुसऱ्यानं साबणाच्या पाण्यात सुरी भिजवून एका ओढीत कापायचं. दाबायचं काम कौतिकाचं. ते सुरी चालवण्यापेक्षा अवघड. सुरी चालवणारे मी नंतर पाहिले, तसं दाबणारं माणूस पाहिलं नाही. दुकानाच्या पाटीवर मात्र नाव माझं एकट्याचं होतं. ते तसं नको होतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दुसरबीडचा एक शेतकरी मेलेली पाल कागदात गुंडाळून घेऊन आला होता. विहिरीवरच्या स्टार्टरमधे शिरली, दोन तारांवर पाय दिला, ती गेली आणि मोटरही गेली. त्यानं पाल आमच्या ओट्यावर ठेवली, जशी काही ती माझी उधारी होती. मी जाऊन चांगलं पॅकिंग बसवून दिलं. पाऊसपाणी झाल्यावर तो पुन्हा आला, पुन्हा कागद. म्हणाला, "भाऊ, पॅकिंग तुमचं पक्कं हाये. बाहीरची आत येऊन नाई राह्यली. पन आतली बाहीर जाऊन नाई राह्यली." पालीनं आधीच आत अंडी घातलेली होती. आम्ही त्यांच्यावर झाकण लावून आलो होतो. तेव्हापासून पॅकिंग बसवायच्या आधी पेटी आतून फडक्यानं पुसायची, हा आमचा नियम झाला.

लोणारच्या एका भोंगेवाल्यानं धुळीला कंटाळून ॲम्प्लिफायरची पेटी चारही बाजूंनी बंद करून मागितली. मी हौसेनं अशी बंद करून दिली की मुंगीला जागा नाही. लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी आतले बल्ब तापून भोंगा बसला, आणि अक्षता कधी टाकायच्या हे कोणाला कळेना. तो भांडायला आला तेव्हा मी पेटी उघडून पाहिली, आत भट्टी झालेली. काही पेट्यांना श्वास ठेवावा लागतो. खाली बारीक भोक आणि त्याला दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची चकती, म्हणजे ऊब बाहेर जाते आणि धूळ आत येत नाही. हे मला त्या लग्नानं शिकवलं. नवरा-नवरीचं पुढं बरं चाललं असं ऐकलं.

आता ज्याच्यासाठी बसलो आहे ते सांगतो.

गावाबाहेरच्या एका जिनिंगमधे सगळ्या पेट्यांना पॅकिंग बसवायचं काम मला मिळालं. तोवरचं माझं सगळ्यात मोठं काम. तिथला वायरमन शालिग्राम, संग्रामपूरकडचा माळ्याचा पोर, माझ्याच वयाचा. कामाला चोख, बोलायला तिखट. उन्हाळ्यात हंगाम संपताना आम्ही पॅकिंग बसवलं, कागद ओढून ओढून तपासलं, एकही पट्टी सुटली नाही. पावसाळाभर जिनिंग बंद होतं. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला आणि कापसाच्या गाड्या लागल्या.

हंगाम नीट तापलाही नव्हता आणि मोठ्या पेटीत आग लागली. तिच्या शेजारीच कापसाचा ढीग. शालिग्रामनं मेन पाडली आणि ओलं पोतं घेऊन ढिगावर उडी घेतली. बाया पाणी घेऊन धावल्या. ढिगाचा कोपरा जळाला तेवढ्यावर निभावलं, पण शालिग्रामचे दोन्ही हात पोळले.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. बाजाराच्या दिवशी जिनिंगचे मालक शेठजी येणार होते आणि त्यांना उत्तर द्यायचं होतं. साहेब म्हणाले, आग लागायला दोनच कारणं. एकतर पॅकिंग खोटं, नाहीतर वायरमननं झाकण ढिलं ठेवलं. तुमच्या दोघांतला एक जण मला शेठजींना सांगावा लागेल.

शालिग्राम तिथंच उभा होता, हाताला पट्ट्या बांधून. तो म्हणाला, मी प्रत्येक बोल्ट पान्यानं कसला. मी म्हटलं, माझी प्रत्येक पट्टी तपासलेली. तो म्हणाला, पंक्चरवाल्यानं विजेच्या कामात पडूच नये. मी म्हटलं, झाकण लावता येत नसेल तर माणसानं वायरमन म्हणवून घेऊ नये. साहेबांसमोर आम्ही दोघं चांगले भांडलो. पण घरी येताना मला कळत होतं की माझं काम गेलं तर मी परत पंक्चर काढीन. त्याच्या नावावर आग लागली तर त्याला वऱ्हाडातलं कोणतंच जिनिंग दारात उभं करणार नाही. त्याच्या घरी म्हातारा बाप अंथरुणावर होता आणि सगळं घर त्याच्या एकट्याच्या पगारावर.

जळालेल्या पेटीचं पॅकिंग कोळसा झालेलं होतं, म्हणून दुसऱ्या एका पेटीचं उपसून मी घरी आणलं होतं. पट्टी फुगून दुप्पट झालेली, जागोजागी बाहेर लोंबलेली, मधे फाटलेली, आणि तिच्यावर लाल-केशरी डाग. मी म्हटलं जंग असेल, लोखंडाचा गंज. कौतिकानं ती हातात घेतली, बोटांनी चोळली आणि नाकाशी नेली.

"हा जंग नोय," ती म्हणाली. "हा शेंदूर होय. तेलात कालवलेला."

तिला ते कळलं ते असं. दीक्षा घ्यायच्या आधी तिच्या माहेरी मरीमायची सेवा होती. वेशीबाहेरच्या दगडाला तिचा बाप तेलात कालवून शेंदूर चोपडायचा आणि वाटी धरायला ही. पुढं दीक्षा घेतली, बापानं स्वतःच्या हातानं तो दगड नदीत सोडला, आणि घरातून शेंदूर गेला तो गेला. पण वास काही नाकातून जात नाही.

आणि मला ते सुचलं नाही त्यालाही कारण आहे. दसरा म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस. त्या दिवशी आम्ही नागपूरला, जमलं नाही तर इथल्या विहारात. जिनिंगमधे दसऱ्याला काय चालतं ते मी कधी पाहिलेलंच नव्हतं. हत्यारं-मशीनं पुजतात एवढं ऐकून होतो. पण पेटी पुजायची तर बाहेरून पुजतील, आतल्या पट्टीला तेल लागेल कसं?

स्पंज रबराला तेल म्हणजे विष. पाणी तो पीत नाही, तेल पितो. पिऊन फुगतो, मऊ पडतो, सोल्युशन सोडतो. मग झाकण कसलं की पट्टी बाजूनं बाहेर निघते आणि मधे उघडी फट राहते. हे मला माहीत होतं. तेल आलं कुठून हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर जिनिंगमधे आली. शालिग्राम सरकीच्या पोत्यांवर बसलेला होता. मला पाहून त्यानं तोंड फिरवलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ त्याच्याजवळ गेली आणि विचारलं, "भाऊ, दसऱ्याले पेटीची पूजा कशी करता?"

तो म्हणाला, जशी सगळे करतात तशी. मेन बंद करतो, पेटी उघडतो, आत पुसतो आणि शेंदूर लावतो.

"आतून काऊन?"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. "बाई, वीज आतमंदी राह्यते. बाहीरच्या लोखंडाले पुजून काय फायदा? पाह्यले बाहीरूनच लावो. पन या साली नवीन रबर बसलं, तिचं तोंड सजलं, म्हून म्हटलं या साली आतून लावाव. रबरालेच लावला चारी बाजूनं."

बोलता बोलता तो थांबला. कौतिकानं ती फुगलेली पट्टी त्याच्या पुढं धरली. त्याचे हात पट्ट्यांत, त्याला ती घेता येईना.

"मंग आग मीच लावली म्हना," तो म्हणाला. "जा भाऊ, सांगून द्या साहेबाले."

मी उठलो. खरं तेच लिहितो, मी साहेबांकडे जायला उठलो होतो. माझं पॅकिंग खोटं नव्हतं, हे आता सांगता येत होतं. तिनं माझा सदरा मागून धरला आणि बसा म्हणाली. मग त्याला विचारलं की कोणत्या कोणत्या पेटीला शेंदूर लावला. तो म्हणाला, सगळ्या. मोठ्या पेटीला? तिनं पुन्हा विचारलं तेव्हा हळूच म्हणाला की मोठ्या पेटीला शेठजींनी स्वतःच्या हातानं रबरापर्यंत शेंदूर चोपडून स्वस्तिक काढलं. यानं आतून लावायची गोष्ट काढली, त्यांना पटली, आणि यानं झाकण उघडून धरलं. हे त्यानं साहेबांसमोर भांडताना काढलं नव्हतं, आणि पुढंही काढणार नव्हता. शेठजींचं नाव घेऊन नोकरी राखायची त्याची तयारी नव्हती.

ती त्याला म्हणाली, नाव नका काढू. आणि आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत गेलो.

मी पॅकिंगचं सांगितलं, तेलानं काय होतं ते दाखवलं. साहेबांनी पट्टी हातात घेतली, वास घेतला, आणि म्हणाले, म्हणजे शेवटी चूक वायरमनचीच झाली. शालिग्राम मान खाली घालून उभा. तेव्हा ती बोलली. साहेबांच्या खोलीत पाय ठेवायची तिची ती पहिलीच वेळ, पण आवाज घरातलाच.

"साहेब, त्यानं झाकन उघडं नाई ठेवलं. त्यानं पेटीची पूजा केली. पूजा करनाऱ्या मानसाले काढसान, तं उद्या या मशिनीले जीव लावून हात कोन लावीन?"

साहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, पण बाई, पुढच्या दसऱ्याला हे पुन्हा होणार. पूजा बंद करा म्हणून मजुरांना कोण सांगणार? आणि शेठजींना कोण सांगणार?

"बंद काऊन कराची?" ती म्हणाली. "प्रत्येक पेटीच्या बाजूले भिंतीले एक पत्रा ठोका. शेंदूर, कुकू, हार, सगळं त्या पत्र्याले. देवाले जागा करून देल्ली की देव पेटीत कायले शिरीन?"

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमच्या घरात शेंदूर नाही, नारळ नाही. आम्ही ते सोडलं ते विचार करून सोडलं, आणि त्यात तिचं पाऊल माझ्याही पुढं होतं. आणि ही बाई दुसऱ्याच्या देवासाठी जागा मोजून मागत होती.

साहेबांना हसू आलं. त्यांनी लोहाराला बोलावलं. बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या पेट्यांशेजारी पत्रे ठोकून, रंगवून झाले. मी पॅकिंग नव्यानं केलं. या वेळी झाकणाच्या आत पत्र्याची नाली काढून घेतली आणि पट्टी तिच्यात खोल बसवली, म्हणजे एखाद्याचं तेलाचं बोट चुकून फिरलंच तर ते पत्र्याला लागेल, रबराला नाही. ती नाली पुढं मी दुसऱ्या जिनिंगमधेही दिली. लोकांनी ते माझं डोकं समजलं. त्यात डोकं कोणाचं होतं, हे आता लिहून ठेवतो.

शेठजी आले. पत्रे पाहून विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, पूजेची नवी व्यवस्था. शेठजींना ती फार आवडली. म्हणाले, मागच्या मॅनेजरला हे सुचलं नाही. तिथंच शेंदूर मागवून त्यांनी मोठ्या पेटीच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं, तेही सढळ हातानं. आगीचं साहेबांनी एवढंच सांगितलं की पॅकिंगला तेल लागलं होतं, ते बदललं. कोणतं तेल हे शेठजींनी विचारलं नाही. शालिग्राम कामावर राहिला. हात बरे व्हायला वेळ लागला, तोवर साहेबांनी त्याला बसवून पगार दिला.

त्यानंतर शालिग्रामचं आणि माझं जमलं असं म्हणता येणार नाही. तो मला शेवटपर्यंत पंक्चरवालाच म्हणत राहिला. पण तिला तो माय म्हणायला लागला, वयानं बरोबरीचा असून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि ती विचारायची, काय भाऊ, तेल कुठं कुठं लागलं? तो म्हणायचा, माय, पत्र्याशिवाय कुठंच नाही, इमानशप्पथ. मग चहा. हे इतकी वर्षं चाललं की त्या दिवशी ती दूध आधीच जास्तीचं घेऊन ठेवायची. पुढं त्याची नजर कमी झाली आणि तो काम सोडून संग्रामपूरला गेला, भावाच्या वावरात मिरची-वांगी करायला. मग भेट कमी झाली, निरोप मात्र यायचे.

धंद्याचं म्हणाल तर तोही कमी झाला. आता पेट्या मुंबई-पुण्याहून येतात त्या आतून पॅकिंग चिकटवूनच येतात. एकसारख्या पेट्या, एकसारख्या पट्ट्या. चांगल्या असतात, खोटं कशाला बोलू. त्यांच्यात सांधाही दिसत नाही. जुन्या पेट्या होत्या तोवर आम्ही होतो. पण मला तक्रार नाही. ज्या माणसाला पंक्चरच्या दुकानात जन्म काढायचा होता त्याला या कामानं किती गावं दाखवली, किती माणसं दिली. आणि ज्या बाईबरोबर नुसता संसार करायचा होता तिच्याबरोबर काम करायला मिळालं. नवरा-बायको एकमेकांसमोर बसून, एकच वस्तू चार हातांनी धरून रोज काम करतात, असं भाग्य किती जणांना मिळतं? मला मिळालं. त्यासाठी कोणाचे आभार मानायचे ते मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांचेच मानतो.

तिला नेलं त्या संध्याकाळी माझा साळा, कौतिकाचा भाऊ, भाकर घेऊन आला. आमच्याकडे घरात मयत झालं की त्या दिवशी चूल पेटत नाही, सोयऱ्याच्या घरून भाकर येते. तिला कडू घास म्हणतात. तो खाल्ला की माणूस पुन्हा अन्नाला लागतो. साळ्यानं ताट पुढं केलं, त्याच्या बायकोनं घास तोंडापर्यंत नेला. मला तो गिळवला नाही. सगळे म्हणाले, असं करू नये. मी म्हटलं, असू द्या.

सकाळी घरात माणसं भरलेली होती. रक्षा गोळा करायची तिसऱ्या दिवशी, म्हणून त्या दिवशी नुसतं बसायचं होतं. मी सदरा घातला आणि एसटीच्या अड्ड्यावर जायला निघालो. साळा आडवा आला, "भाऊजी, आज कुठं? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, संग्रामपूरला एक माणूस आहे, त्याला ही गोष्ट कंडक्टरकडून कळता कामा नये. त्याची रोजी तिच्या तोंडच्या शब्दानं राहिली होती. त्याला माझ्या तोंडून कळली पाहिजे.

शालिग्राम वावरात वांगी तोडत होता. नजर कमी, मला पावलांवरून ओळखलं. म्हणाला, पंक्चरवाला आज इकडं कसा? मी म्हटलं, कौतिका गेली. काल दुपारी. तो तसाच वाफ्यात खाली बसला. मीही बसलो. मग त्यानं विचारलं, "कडू घास कोन देल्ला?"

मी म्हटलं, साळ्यानं आणला होता, मी नाही खाल्ला.

"मंग तो आमचा," तो म्हणाला.

माझ्या दंडाला धरून त्यानं मला घरी नेलं. बायकोला आवाज दिला. तिला एका शब्दात कळलं, तिनं पदर तोंडाला लावला आणि मग चुलीपाशी गेली. मला आत, चुलीसमोर पाटावर बसवलं. गरम भाकर, वर वांग्याची भाजी. शालिग्रामनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि चाचपडत माझ्या तोंडाशी आणला. त्याच्या हाताची कातडी अजून पोळल्या जागी चकचकीत आहे.

मी तो घास खाल्ला. मग उरलेली भाकर स्वतःच्या हातानं खाल्ली.